हाक मारणारा शेजारी



पूर्वी जात्यावरचे दळण, विहिरीचे पाणी आणि पायी बाजार यांतच माणसाचा व्यायाम होत असे. आता गिरणी आली, नळ आला, दाराशी फटफटी आली. ताटातले अन्न मात्र कमी झाले नाही. म्हणून मधुमेह खेड्याच्या वेशीतूनही आत शिरला आहे.

काम करणारे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. रोजच्या चालण्याने शरीरातील इन्सुलिन अधिक गुणकारी ठरते.

हे सर्वांना पटते. अडते ते उठण्यापाशी. डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३७ पुरुषांची दोन वर्षे पाहणी केली. आहार-व्यायामाचा सल्ला सर्वांनाच दिला. सुमारे निम्म्यांना मोबाइलवर वरचेवर संदेशही पाठवले. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. नुसता सल्ला मिळालेल्यांत शेकडा २७ जणांना मधुमेह जडला. संदेश मिळालेल्यांत १८ जणांना.

तेव्हा एकदा उपदेश करून थांबू नका. औषध चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून आरंभ करावा. बाकीच्यांनी उद्या पहाटे शेजाऱ्याची कडी वाजवावी आणि एवढेच म्हणावे, "चला, येता ना?"