थकलेल्या पेशींना वेळीच विसावा

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या आरोग्य शिबिरातील भाषण)



मधुमेहाचे निदान झाले की, "कालपरवापर्यंत मला काहीच नव्हते," असे उद्गार पुष्कळदा ऐकू येतात. वस्तुतः प्रौढ वयात सर्रास आढळणाऱ्या या मधुमेहाचा आरंभ निदानाच्या कित्येक वर्षे आधीच स्वादुपिंडात झालेला असतो. तो कसा होतो, हे आज समजावून घेऊ.

१८६९ साली पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याला स्वादुपिंडात पेशींची इवली बेटे आढळली. या बेटांतील बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. जेवणानंतर रक्तातील साखर या पेशींत शिरते व तिच्या ज्वलनातून ऊर्जा निर्माण होते. त्यायोगे पेशीच्या आवरणातील पोटॅशियमची द्वारे मिटतात, कॅल्शियमची उघडतात आणि साठविलेले इन्शुलिन रक्तात उतरते. रक्तातील साखर एकाएकी वाढली की पहिल्या दहा मिनिटांत इन्शुलिनचा जोरदार लोंढा येतो. नंतर संथ धार चालू राहते.

शरीरात चरबी वाढली व श्रम घटले की यकृत आणि स्नायू इन्शुलिनला पूर्वीसारखे जुमानत नाहीत. बीटा पेशींना जादा काम करावे लागते. आनुवंशिकतेने ज्यांच्या पेशी दुबळ्या असतात, त्यांना हा भार पेलत नाही. प्रथम ओसरतो तो पहिला लोंढा. जेवणानंतरची साखर चढू लागते आणि ही चढलेली साखर व साचलेली चरबी त्याच पेशींना अधिक दुर्बल करते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, निदानाच्या वेळीच या पेशींची सुमारे निम्मी कार्यशक्ती गेलेली असते, असे अनुमान निघाले.

मात्र निकामी दिसणारी प्रत्येक पेशी मेलेली नसते. ब्रिटनमधीलच दुसऱ्या एका प्रयोगात, निदान होऊन सहा वर्षे उलटली नव्हती व इन्शुलिन सुरू झाले नव्हते अशा स्थूल रुग्णांचे वजन वैद्यकीय देखरेखीखाली आहार घटवून उतरविण्यात आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षअखेर त्यांपैकी शेकडा ४६ जणांची साखर औषधांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आली होती. अर्थात, कोणीही स्वतःच्या मनाने औषधे बंद करू नयेत.

"बारीक माणसाला मधुमेह होत नाही," हा समजही सोडून द्यावा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळील खेड्यांत केलेल्या अभ्यासात, येथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने चरबीने भरलेली आढळली. त्यामुळे गर्भवती मातेचा सकस आहार हाही मधुमेह प्रतिबंधाचाच भाग ठरतो.

आपल्या गावातील तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तातील साखर तपासली जावी, यासाठी पंचायतीने पुढाकार घ्यावा. उपाशीपोटी ती १२६ मिलिग्रॅम वा अधिक भरल्यास पुन्हा तपासून खात्री करावी लागते. शिक्षकांनी मुलांना खेळाची गोडी लावावी. पेशी थकतात तेव्हा त्या दुखत नाहीत, म्हणून त्यांची हाक आपणच तपासणीतून ऐकावयास हवी.