पाणी लागेपर्यंतचा हिशोब

श्रोतेहो, विहीर खणायला घेतली की पहिल्याच दिवशी कोणी पोहरा घेऊन येत नाही. पण सहा वर्षं खणूनही पाणी लागलं नाही, तर गाव विचारणारच, की ही विहीर होणार आहे की नुसता खड्डा? असाच प्रश्न अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात विचारला गेला.

तिथली हॉकी बर्फावर खेळतात. प्रशिक्षक खेळ शिकवतो. पण कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला सोडायचं आणि पैसा कुठं घालायचा, हे ठरवणारा कारभारी निराळा. त्याला जनरल मॅनेजर म्हणतात. डेट्रॉइटच्या 'रेड विंग्ज' संघाचा हा कारभार एप्रिल २०१९ मध्ये स्टीव्ह आयझरमन यांच्याकडे आला. याच संघाचे कर्णधार म्हणून त्यांनी तीनदा स्टॅन्ली कप जिंकला होता.

आता त्यांच्या पहिल्या सहा हंगामांचं माप घेऊ. २०१९-२० मध्ये संघानं ७१ सामन्यांत १७ जिंकले. तो सगळ्यांत तळाला राहिला. २०२३-२४ मध्ये ९१ गुण झाले. वॉशिंग्टनचेही तितकेच होते, पण बरोबरी सोडवण्याच्या नियमानं वॉशिंग्टन पुढं गेलं. पुढच्या वर्षी गुण ८६ वर उतरले. बाद फेरीत ३२ पैकी १६ संघ जातात. सहाही वर्षं डेट्रॉइट बाहेरच.

मग कारभारी नापास? थांबा. आधी दैव आणि निर्णय वेगळे करा. दुबळ्या संघाला नवे खेळाडू निवडताना आधीची पाळी मिळावी अशी सोय आहे, पण पाळी चिठ्ठीनं ठरते. २०२० मध्ये तळाला असूनही डेट्रॉइटला चौथी पाळी आली. हा दोष आयझरमन यांचा नव्हे. त्या पाळीत त्यांनी लुकास रेमंड निवडला, त्याआधी २०१९ मध्ये सहाव्या पाळीत मॉरिट्झ सायडर. सायडर २०२२ मध्ये सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. निवड चांगली, हे मान्य करायला हवं.

दुसरं असं, की फळ उशिराही येतं. आयझरमन २०१० ते २०१८ टँपा संघाचे कारभारी होते. त्यांच्या काळात कुचेरोव ५८ व्या आणि पॉइंट ७९ व्या पाळीला निवडले गेले. टँपानं कप जिंकला तो २०२० आणि २०२१ मध्ये, म्हणजे ते निघून गेल्यावर.

पण म्हणून 'धीर धरा' हे कायमचं उत्तर होत नाही. चिठ्ठीचं दुर्दैव एका वर्षाचं; सहा वर्षांचं नव्हे. रोपं चांगली आणली, पण त्यांच्याभोवती पुरता संघ उभा राहिला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये प्रशिक्षक बदलला, तरी खेळाडू जमवण्याची जबाबदारी कारभाऱ्याचीच राहते. माझ्या मते निवडीत ते उत्तीर्ण, बांधणीत अपुरे.

शिक्षकबंधूंनो, आपणही मुलाला केवळ वर्षअखेरच्या गुणांवर तोलत नाही, आणि 'हुशार आहे हो' म्हणून वर्षानुवर्षं सोडूनही देत नाही. कोणत्याही लांबच्या कामाला हीच रीत लावावी. यंदा काय व्हायला हवं, ते हंगामाआधी लिहून ठेवावं आणि शेवटी ताडून पाहावं. पाणी लागलं नसलं तरी चालेल. ओल दिसली का, एवढं तरी दरसाल विचारलंच पाहिजे.