चिरा, गडगा आणि हाताची विद्या

(ज्ञातिसंघाच्या मालवण येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



‘आपला पाथरवटीचा वंशपरंपरागत धंदा’ हा विषय चालकांनी मला दिला, तेव्हा पूर्वजांचे गुणगान ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. ते मी थोडक्यात आटोपतो. विश्वकर्म्याच्या पाच पुत्रांपैकी शिल्पी हा आपला मूळपुरुष, ही कथा येथील प्रत्येकाने बालपणी ऐकली आहे. आणि समोर सिंधुदुर्ग उभाच आहे. नोव्हेंबर १६६४ मध्ये मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन कुरटे बेटावर त्याच्या बांधकामास आरंभ झाला आणि सुमारे तीन वर्षांत ४८ एकरांच्या त्या बेटाला तटाचे कडे पडले. बांधकामाचे प्रमुख म्हणून हिरोजी इंदुलकरांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. ज्यांनी धोंड्यावर धोंडा बसविला त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे आपल्या जिल्ह्यातले दोन. त्या दिवशी आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. परंतु तो मान तटाला मिळाला. मला बोलावयाचे आहे ते तट उभारणाऱ्या हाताविषयी.

आमच्या घरात हा धंदा आजोबांपासून चालत आला. काळ्या दगडाची कामे त्यांनी थोडी केली. हाडाचे ते चिऱ्याचे कारागीर. जांभा दगड ही आपल्या सड्यांची देणगी आहे. त्याला शास्त्रीय ग्रंथांत ‘लॅटेराइट’ म्हणतात, आणि हे नाव कसे पडले ते आपल्या मुलांना अवश्य सांगावे. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रज सरकारच्या एका अधिकाऱ्याने मलबारात अंगाडीपुरम येथे हा दगड पाहिला. जमिनीत असता तो लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि वारा लागला की कठीण होतो, हे तेथील कारागिरांच्या कामावरून त्याच्या ध्यानी आले. म्हणून १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने विटेच्या लॅटिन शब्दावरून त्यास नाव दिले. म्हणजे शास्त्राला हे नाव सुचले ते खाणीवरच्या माणसाचा हात पाहून.

चिरा काढणे हे केवळ बळाचे काम नव्हे. कुदळीने चोहोबाजूंनी चर पाडावयाचा, मग पहार घालून ठोकळा खालून सोडवावयाचा, आणि तासून त्याची तोंडे गुण्यात आणावयाची. आजोबा प्रत्येक चिऱ्यावर हातोडीचा हलका टोला देऊन कान लावीत. खणखणीत बोलला तर भिंतीला. बद्द वाजला तर आत मातीची पोकळी आहे असे समजून बाजूला. आता खाणीत रुळांवर चालणारे चक्र उभेआडवे छेद घेते आणि एका दिवसात डोंगराचे अंग सोलून निघते. यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही. ज्याने उन्हात कुदळ चालविली आहे तो तशी तक्रार करणार नाही. पण यंत्राला कान नसतो, आणि माप सारखे आले म्हणजे दगडही सारखा आला, असा समज त्याने पसरविला आहे.

असो. चिऱ्याच्या भिंतीला निदान गिऱ्हाईक आहे. माझी खरी चिंता गडग्याची आहे.

गडग्याला आपण शिल्प मानीत नाही. शेतातले धोंडे वेचून बागेभोवती रचले की झाला गडगा, अशी सामान्य समजूत. ज्याने रचला त्यालाच त्यातली मेख ठाऊक. तळ रुंद आणि माथा अरुंद. दोन्ही तोंडे किंचित आत कललेली. वरचा धोंडा खालच्या दोहोंच्या सांध्यावरच बसला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की पोट सुटले म्हणून समजा. काही अंतराने एक लांब धोंडा आरपार घालावा, म्हणजे दोन्ही तोंडे एकमेकांना धरून राहतात. पोटातल्या चिपा ओतावयाच्या नाहीत, एकेक करून दाबून बसवावयाच्या. चुना नाही, सिमेंट नाही, मातीही नाही. ह्या ‘नाही’तच सारे मर्म आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. ते पाणी गडग्याच्या फटींतून वाट काढून निघून जाते आणि माती मागे राहते. कुणग्याच्या बांधाला सिमेंटची आंधळी भिंत घातली, पाण्याला वाटा ठेवल्या नाहीत, की मागे साचलेले पाणी तिला एखाद्या श्रावणात पुढे लोटते. अशा भिंती पाडून पुन्हा गडगा घालण्याची कामे माझ्याकडे आली आहेत. दुर्दैव हे की ती घेण्यास माझ्याजवळ माणसे नाहीत.

येथे तुम्हांला जरा दूर नेतो. युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड देश, आणि त्याच्याही पश्चिमेला अटलांटिकच्या तोंडावर अॅरन नावाची तीन बेटे. चुनखडीचा उघडा कातळ, वारा असा की झाड तग धरीत नाही. तेथल्या शेतकऱ्यांनी वाळू आणि समुद्रातले शेवाळ वाहून आणून कातळावर माती तयार केली, आणि वेचलेल्या धोंड्यांचे गडगे घातले. चुन्यावाचून, अगदी आपल्यासारखे. आपला गडगा फटींतून पाणी सोडतो, त्यांचा वारा सोडतो. कित्येक कुंपणांना दरवाजाच नाही: चार धोंडे उतरावयाचे, गाय आत घ्यावयाची आणि धोंडे पुन्हा चढवावयाचे. त्यांतल्या मोठ्या बेटावर, समुद्रात सरळ उतरणाऱ्या सुमारे तीनशे फुटांच्या कड्यावर, डून एंगस नावाचा प्राचीन किल्ला आहे. त्याचे तटही असेच कोरडे रचलेले.

ही विद्या युनेस्कोने २०१८ साली आठ युरोपीय देशांच्या नावे अमूर्त वारसा म्हणून नोंदविली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आयर्लंडसह आणखी पाच देश तीत सामील झाले. दगडाच्या यादीत आपला दुर्ग आहे. हाताच्या ह्या यादीत त्यांचा गडगा आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. तेथेही बापामागून लेक हा धंदा चालविणारी घराणी आहेत. परंतु गडगा घालणे ही कोणा एका घराण्याची मिरास नाही. शेतकऱ्याची ती नित्याची विद्या होती, आणि ती मावळू लागली तेव्हा जाणत्यांनी ती सर्वांस खुली केली. सुटीच्या दोन दिवसांत शाळामास्तर, कारकून, बायामुली धोंडे उचलावयास येतात आणि कसबी माणूस त्यांना शिकवितो. त्याने त्या घराण्यांचे काम बुडाले नाही. गडग्याची पारख असलेले गिऱ्हाईक वाढले.

आणि आपण? आपला संघ दरवर्षी शालान्त परीक्षेत चमकलेल्या मुलांचा सत्कार करतो. तो व्हावाच. पण ज्या मुलाने बापाजवळ राहून ओळंबा धरावयास शिकून घेतले, त्याच्या गळ्यात ह्या व्यासपीठावर एकदा तरी हार पडला आहे काय? ‘मुलगा गवंडीकाम करतो’ म्हटले की मुलीकडची मंडळी चहा अर्धा टाकून उठतात, आणि ती मंडळी बहुधा आपल्याच ज्ञातीची असतात! मग मुले मुंबई गाठतात, ह्यात त्यांचा दोष काय? त्यात पावसाचे चार महिने हातास काम नाही, आणि धुळीने छाती भरते ती वेगळीच.

आजोबा कोपऱ्याचा चिरा बसविताना परक्याला जवळ उभे राहू देत नसत. त्या काळी कसब हीच भाकरी होती, तेव्हा ते समजण्यासारखे आहे. आज खाणींवर जा. तेथे कर्नाटकातून आणि घाटावरून आलेली माणसे राबताना दिसतील. आपला दगड आज त्यांच्या हाती आहे. त्यांतला एक पोरगा गेली चार वर्षे माझ्यापाशी आहे. त्याने घातलेला रद्दा मी सुतावर तपासावयाचे सोडून दिले आहे. तो आपल्या ज्ञातीचा नाही. माझी विद्या मी त्याला द्यावी की ती माझ्याबरोबर सरणावर जाऊ द्यावी, असा प्रश्न मला कोणी विचारला, तर उत्तर देण्यास मला क्षणही लागणार नाही. काही वडीलधाऱ्यांना हे रुचणार नाही, ते मी जाणतो. ‘मग आपले म्हणून काय उरले?’ असे ते म्हणतील. शिकविणारे म्हणून आपले नाव उरेल. शिकविले नाही, तर तेही उरणार नाही.

तेव्हा संघापुढे माझी मागणी लहानशी आहे. शिष्यवृत्तीच्या निधीतून दोन जणांना, मग ते कोणाही घरचे असोत, एक वर्षभर कसबी माणसाजवळ राहता येईल एवढे वेतन द्यावे. आपल्या वृद्ध कारागिरांकडून रद्दा, सांधमोड, गुण्या असे धंद्याचे सारे शब्द, प्रत्येकाच्या वापरासह, लिहून घ्यावेत आणि पुढच्या वर्षीच्या ह्याच अंकात छापावेत. घरोघरच्या जाहिरातींतली दोन पाने त्यासाठी कमी झाली तरी चालेल.

आमच्या बागेच्या वरच्या अंगाला पाणंदीकडचा वीसेक हात गडगा गेल्या पावसात बसला आहे. तो मी मुद्दाम तसाच ठेवला आहे. दिवाळी झाली की पहिल्या रविवारी तेथून आरंभ करू. सूत, ओळंबा आणि दुपारची पेज माझी. येणाऱ्याने, मग तो पदवीधर असो की खाणीवरचा, जाड तळाच्या वहाणा घालून यावे आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी यावे.