मागच्या चाकांची चाकोरी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तेव्हापासून लोखंडाचा भार वाहणाऱ्या मालमोटारी हे या नगराचे नित्याचे दृश्य झाले आहे. भार जड, म्हणून पुष्कळ मालक मागच्या कमानीत एखाददुसरा पाटा वाढवून घेतात. मग प्रश्न निघतो : चाकांची जुळणी, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘अलाइनमेंट’, पुन्हा करावयास हवी काय? वळतात ती पुढची चाके. मागचा आस तर अखंड, त्यात जुळवावयाचे ते काय, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद वरवर पटण्याजोगा असला, तरी पुरता खरा नव्हे.

‘चाकोरी’ हा शब्द आपणांस बैलगाडीने दिला. तिला आस एकच. मालमोटारीला निदान दोन. पुढच्यामागोमाग मागच्याने सरळ जावे, ही तिची पहिली अट. मागचा आस जागच्या जागी राहतो तो सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट यांच्या पकडीमुळे, आणि पाटा वाढविताना नेमकी हीच पकड सोडवावी लागते. पुन्हा बसविताना आस एका बाजूस केवळ १० मिलिमीटर मागे सरला आणि दोन चाकांत १.८ मीटर अंतर असले, तर तिरकसपणा एक अंशाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरतो. तो डोळ्यांस दिसत नाही. परंतु त्या हिशेबाने किलोमीटरमागे साडेपाच मीटर बाजूची ओढ लागते. चालकास स्टिअरिंग सतत किंचित वळवून धरावे लागते आणि गाडी तिरकी धावते. मागे दोन आस असून ते समांतर नसतील, तर टायर परस्परांशी झगडून अकाली झिजतात.

दुसरी गोष्ट उंचीची. मागचा भाग उचलला की सांगाडा पुढे झुकतो आणि पुढच्या किंगपिनचा मागे कललेला कोन, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्यास हा कोन साहाय्य करतो. हात लागला मागे; परिणाम झाला पुढे.

तेव्हा उत्तर ‘होय’ असेच आहे. प्रथम दोन्ही बाजूंस पुढच्या व मागच्या आसांतील अंतर मोजून ते सारखे करावे. मगच पुढची चाके जुळवावीत. काही अंतर धावल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.

मात्र वाढविलेल्या पाट्याने कायद्याची मर्यादा वाढत नाही. चार टायरांच्या एकेरी आसावरील मर्यादा २०१८ साली १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, ती शासनाच्या अधिसूचनेने. मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ आडकाठी घालते, आणि ते योग्यच आहे. भार पाटा पेलील. गाडी थांबवावयाची असते ती ब्रेकांनी, आणि ते पूर्वीचेच असतात. त्याच रस्त्याने पाळी संपवून सायकलीवरून घरी निघालेला कामगारही जात असतो.