पंचनाम्याचे गद्य



जिल्ह्यातील पोलीस, वकील आणि न्यायवैद्यक शास्त्राचे जाणकार यांना एका मंडपात आणणाऱ्या या परिषदेचे अध्यक्षस्थान आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे. सरकारी वकील म्हणून परभणीच्या सत्र न्यायालयात माझे आयुष्य गेले, आणि त्या आयुष्यात जी मराठी मी सर्वाधिक वाचली ती ना अभंगांची, ना कथाकादंबऱ्यांची. ती पंचनाम्यांची होती. जनाबाईंच्या गंगाखेडचा आणि बी. रघुनाथांचा हा जिल्हा. १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेही याच नगरीत. अशा भूमीत पंचनाम्याला गद्याच्या पंक्तीत बसविण्याचे धाडस मी विचारपूर्वक करीत आहे. कारण ज्या लेखनातील एका वाक्यावर एखाद्या माणसाचा जन्म तुरुंगात जातो, किंवा एखाद्या मातेच्या लेकराचा मारेकरी मोकळा सुटतो, त्या लेखनाइतके जोखमीचे मराठी गद्य मला दुसरे ठाऊक नाही, आणि तेच आपण सर्वांत निष्काळजीपणे लिहितो.

हा शब्दच पाहा. ‘पंच’ संस्कृताचा, ‘नामा’ फारसीचा. गावाने निवडलेली विश्वासाची माणसे आणि दरबाराने मान्य केलेला लेख, या दोहोंचा संगम त्या एका शब्दात झालेला आहे. फिर्याद, जप्ती, मुद्देमाल, कबुलीजबाब, अंमलदार हे त्याचे सगेसोयरे फारसी-अरबीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि आपल्या घरचे झाले. आमच्या मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची सत्ता होती व कचेरीची भाषा उर्दू होती. पंच म्हणून उभा केलेला जिंतूरकडचा शेतकरी आपल्या मराठीत बोलावयाचा, कारकून आपल्या उर्दूत लिहावयाचा, आणि अखेरीस मजकूर वाचून दाखविला, समजला, बरोबर आहे, अशा आशयाच्या ओळीखाली त्या शेतकऱ्याचा अंगठा उमटावयाचा. समजले कोणास आणि बरोबर कशावरून, हा प्रश्न विचारण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. पुढे राजवट गेली, राज्य मराठी भाषकांचे झाले, कागद मराठीत लिहिला जाऊ लागला. परंतु ‘सदरहू इसम’, ‘नमूद ठिकाणी’, ‘वर्णनाप्रमाणे मिळून आले’ या ठरीव वाक्यांच्या आड पंचाचा स्वतःचा शब्द अजूनही हरवतो. या जुन्या शब्दांशी माझे वैर नाही. त्यांच्यात नेमकेपणा आहे, आणि तो मला प्रिय आहे. डोळ्यांनी पाहण्याचे काम जेव्हा डोळ्यांऐवजी ते शब्द करू लागतात, तेव्हाच माझी तक्रार सुरू होते.

कायद्याने या पाहण्याला काय मर्यादा घातल्या आहेत, ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा अधिकार पोलिसांच्या गणवेशातून उपजत नाही. तो न्यायाधीशाच्या झडती वॉरंटातून येतो. किंवा, वॉरंट मिळविण्यास लागणाऱ्या विलंबाने पुरावा नाहीसा होईल असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर ते कारण आणि ज्या वस्तूचा शोध घ्यावयाचा ती वस्तू, शक्य तितक्या नेमकेपणाने, आधी कागदावर लिहून ठेवल्याने येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १८५व्या कलमाने त्या टिपणाची प्रत अठ्ठेचाळीस तासांच्या आत नजीकच्या दंडाधिकाऱ्याकडे पोहोचलीच पाहिजे असे बंधन घातले आहे. आधी लिहावयाचे आणि मग दार ठोठवावयाचे, हा क्रम ज्याने उलटा केला त्याने झडती घेतली नाही, घरात घुसखोरी केली, असे माझे मत आहे. आणि १९६२ साली राधाकिशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटले त्याचा अर्थही पोलिसांनी फार सोयीचा करून घेतला आहे. झडतीत बेकायदेशीरपणा झाला एवढ्यानेच जप्ती रद्द होत नाही, हे खरे; परंतु अशा झडतीला घरमालक अटकाव करू शकतो आणि तिच्यातून आलेला पुरावा न्यायालयाने अधिक सावधपणे पारखावा, हेही त्याच निवाड्यात आहे. पहिले वाक्य ठाण्याठाण्यात सर्वांना पाठ असते. दुसरे फारसे कोणाच्या तोंडी नसते.

पंचांविषयीच्या कलमाचा प्रवास मोठा मनोवेधक आहे. १८९८च्या फौजदारी संहितेत ते १०३वे होते, १९७३च्या संहितेत १००वे झाले, आणि १ जुलै २०२४पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत ते पुन्हा १०३वे होऊन बसले आहे. १८९८च्या कायद्याला त्या वस्तीतील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी पुरेसे वाटत होते. १९७३च्या कायद्याने त्यात ‘स्वतंत्र’ हे विशेषण घातले. प्रतिष्ठित असणे निराळे आणि स्वतंत्र असणे निराळे, हे उमगावयास पाऊण शतक लागले. घरात असलेल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यावयाचे, जप्त वस्तूंच्या यादीवर पंचांच्या सह्या घ्यावयाच्या आणि यादीची प्रत घरमालकाच्या हाती ठेवावयाची, स्त्रीच्या अंगझडतीसाठी स्त्रीच हवी आणि तीही मर्यादा सांभाळून, ही सारी बंधने त्यातच आहेत. आत जाण्यापूर्वी अंमलदाराने आणि पंचांनी स्वतःची अंगझडती घरमालकाला देण्याची जी रीत आहे, ती तर मला या सर्व विधीतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. सत्तेने प्रजेपुढे रिकामे हात करून दाखवावे, असा प्रसंग राज्यकारभारात क्वचितच येतो. उघड्या रानातल्या घटनास्थळाच्या पाहणीला हे कलम शब्दशः लागू होत नाही, हे माझ्या विधिज्ञ मित्रांच्या मनात आले असेल. कबूल. परंतु बंद दाराआड जी शिस्त हवी तिची गरज उघड्या आभाळाखाली अधिकच, कारण तेथे वारा, पाऊस, गुरे आणि गर्दी हे सर्वच पुरावा पुसण्यास टपलेले असतात.

आपली जमीन काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पडलेली वस्तू पोटात घेते; पहिला पाऊस झाला की तीच जमीन पावलाचा ठसा मेणासारखा धरून ठेवते आणि पाहणाऱ्यांच्या जोड्यांना चिकटून तो उचलूनही नेते. म्हणून अंमलदाराने घटनास्थळी पोहोचताच पहिले काम करावयाचे ते हे, की कशालाही हात लावावयाचा नाही. दोरी बांधावयाची, जाण्यायेण्याची एकच वाट ठरवावयाची, आत कोण गेले त्याची नोंद ठेवावयाची. मग छायाचित्रे, मग विहीर, बांधाचा दगड, विजेचा खांब अशा दोन अचल खुणांपासून मापे घेऊन नकाशा, आणि त्यानंतरच शोध. मोकळ्या शेतात माणसे ओळीने चालवून पट्ट्यापट्ट्याने शोधावे, महत्त्वाच्या जागी तोच भाग आडवा-उभा असा दोनदा पाहावा, घर असेल तर खोलीखोलीने. रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदात बांधावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ते दमटून कुजतात आणि छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेतून निष्कर्ष निघू शकत नसल्याचा कागद तेवढा परत येतो. लाखेची मोहोर, पंचांच्या सह्यांचे लेबल, मुद्देमाल कारकुनाची नोंद, प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रत्येक हाताची तारीख आणि वेळ. या साखळीतील एक कडी निखळली तर उरलेल्या शंभर कड्यांचा उपयोग नाही. ऑस्ट्रियातील हान्स ग्रोस या तपासी न्यायाधीशाने हे शास्त्र १८९३ साली ग्रंथबद्ध केले, आणि १९०६ साली हिंदुस्थानातील व्यवहारास अनुसरून त्याचे इंग्रजी रूपांतर केले ते मद्रासच्या दोघा सरकारी वकिलांनी. माझ्या व्यवसायबंधूंचा हा वारसा मी अभिमानाने सांगतो.

आता ज्या नावाचा उच्चार या जिल्ह्यात आजही आवाज खाली करून केला जातो, त्या मानवतविषयी बोलणे मला प्राप्त आहे. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात, दुष्काळाने पोळलेल्या त्या गावात पाच लहान मुली, वर्षाचे एक अर्भक आणि चार स्त्रिया यांचे खून झाले. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा, रामन राघवच्या तपासाने कीर्ती पावलेला अधिकारी आला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी जो निवाडा दिला, तो अंधश्रद्धेची भीषण कहाणी म्हणून पुष्कळांना ठाऊक आहे. तपासाचा पाठ म्हणून तो वाचणारे थोडे. माफीच्या साक्षीदाराच्या सांगण्याला महत्त्वाच्या बाबतींत स्वतंत्र दुजोरा हवा. कबुलीजबाब नोंदविताना कायद्याने सांगितलेली सावधगिरी दंडाधिकाऱ्याने पाळलीच पाहिजे. आणि गुन्हा उघडकीस आणण्याच्या अतिउत्साहात पोलिसांना बळजोरीचा जो मोह होतो तो वेळीच खुडला पाहिजे, असे त्यात स्पष्ट शब्दांत आले आहे. माणसाच्या तोंडून काढलेला पुरावा न्यायालयाच्या काट्यावर किती हलका ठरू शकतो, हे ज्या जिल्ह्याने एवढ्या दुःखाने पाहिले, त्या जिल्ह्यात तरी जमिनीतून, भिंतीतून, वस्त्रातून बोलणाऱ्या पुराव्याची आस सर्वांहून अधिक असावयास हवी होती. ती आहे, असे माझ्या अनुभवावरून मला म्हणता येत नाही.

माझ्या उमेदीच्या वर्षांतील एक खटला अजून माझी झोप मोडतो. चैत्राच्या अखेरीस झालेल्या खुनाची कुऱ्हाड आरोपीने स्वतः शेतात काढून दिली, असा जप्ती पंचनामा होता, आणि त्यात ती ‘उभ्या ज्वारीच्या पिकात लपवून ठेवलेली मिळून आली’ असे लिहिले होते. उलटतपासणीत वकिलाने पंचाला एवढेच विचारले, की रानात तेव्हा पीक काय होते. पंच सरळ माणूस होता. तो म्हणाला, “साहेब, ज्वारी तं शिमग्याच्या आधीच काढली व्हती. रानात निस्ती धसकटं व्हती.” न्यायालयात क्षणभर शांतता पसरली. ते वाक्य कोठल्या तरी जुन्या पंचनाम्यातून उतरवून घेतलेले होते. कागद शेतात नव्हे, ठाण्यातील मेजावर तयार झाला होता. कुऱ्हाड खरी होती, ती त्याच रानात सापडली होती, पंच खरोखर तेथे गेला होता, असा माझा आजही विश्वास आहे. पण सत्यावर नकलेची ती एक ओळ बसली आणि सारे सत्य खोटे ठरले. आरोपी सुटला. मयताची आई न्यायालयाच्या पायरीवर बसून राहिली होती, आणि तिला मी काय सांगणार होतो? तो कागद दाखल होण्यापूर्वी मीही वाचला होता. ज्वारी केव्हा निघते हे परभणीत वाढलेल्या मला माहीत नव्हते असे थोडेच आहे!

आरोपीच्या निवेदनावरून झालेल्या जप्तीत तर शब्दाला सोन्याचे मोल असते. प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोटय्या खटल्यात आखून दिलेली रेषा आजही तीच आहे, की ज्या कथनाने वस्तू व तिची जागा उजेडात आली तेवढेच कथन ग्राह्य. बाकीची कबुली बाद. म्हणूनच आरोपी जे बोलला ते त्याच्याच बोलीत, पंचांच्या समक्ष, शब्दाला शब्द उतरविले पाहिजे. ‘मी गुन्ह्यात वापरलेले हत्यार काढून देतो’ हे वाक्य आमच्याकडचा कोणताही शेतमजूर उच्चारीत नाही, आणि ते शेकडो पंचनाम्यांत एकाच ठशाचे आढळते तेव्हा कोणता न्यायाधीश त्यावर विसंबेल?

नव्या संहितेने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे, आणि सात वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असे म्हणून, ती व्यवस्था उभारण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. या सुधारणेचे मी मनापासून स्वागत करतो. तथापि मोबाइलच्या चित्रणाने पंचनाम्याचे काम हलके होईल असे ज्यांना वाटते, त्यांना मी सावध करू इच्छितो. पूर्वी कागद आणि पंच यांत विसंगती निघे. आता कागद, पंच आणि चित्र या तिघांची गाठ पडावयाची आहे, आणि मेजावर लिहिलेला पंचनामा चित्रणापुढे पाच मिनिटे टिकावयाचा नाही.

तपासी अंमलदारांनो, तुमच्यावरील बंदोबस्ताचा आणि अपुऱ्या मनुष्यबळाचा भार मी जवळून पाहिला आहे. रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात, रडणाऱ्या नातेवाइकांच्या गराड्यात लिहिणे किती कठीण असते हे मी जाणतो. तरीही माझी तुम्हांला हात जोडून विनंती आहे, की घटनास्थळी बसूनच लिहा, जे दिसले तेवढेच लिहा, दिसले नाही तेही दिसले नाही म्हणून लिहा, आणि पंचाला वाचून दाखवाल ते त्याच्या कानाला कळेल अशा मराठीत असू द्या. आणि नागरिकहो, पंच मिळत नाहीत म्हणून तेच ते सराईत पंच खटल्याखटल्यात उभे राहतात, या दोषातील आपला वाटा आपण नाकारू नका. कोर्टाच्या खेपा, गावातील वैर, बुडणारा रोजगार, ही कारणे खरी आहेत आणि सरकारने ती दूर केलीच पाहिजेत. परंतु तुमच्या शेजारच्या घरी किंवा तुमच्या बांधालगतच्या रानात पोलीस येऊन पंच म्हणून तुम्हांला हाक मारतील, तेव्हा दार लावून घेऊ नका. जा, नीट पाहा, कागद पुरता ऐकल्याखेरीज सही करू नका, आणि त्यात ज्वारी उभी असल्याचे लिहिले असेल नि समोर धसकटे असतील, तर तेथेच तसे सांगा.