पहिली मोठी मोटारसायकल

मोटारसायकलीस मराठी माणसाने ‘फटफटी’ हे नाव दिले ते डोळ्यांनी पाहून नव्हे, कानांनी ऐकून. गाडी दृष्टीस पडण्यापूर्वीच तिचा तुटक आवाज आळीच्या टोकाशी ऐकू येई आणि घरातील मुले ओट्यावर धाव घेत. हा आवाज तुटक का, ह्याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नसे. वास्तविक त्या एका शब्दात यंत्राची सारी बनावट साठविलेली आहे. आणि आज जो तरुण आपली पहिली मोठी मोटारसायकल घ्यावयास निघतो, त्याने प्रथम कान देऊन ऐकावे असे काही असेल, तर ते हेच होय.

पालघर, बोईसर व तारापूर ह्या परिसरात हा प्रश्न आता अनेक घरांत उपस्थित होतो. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. कारखान्यात पाळी करणारा किंवा कचेरीत नोकरीस असणारा येथील तरुण चार-पाच वर्षे शंभर-सव्वाशे सी. सी.ची गाडी चालवितो, गाठीशी थोडे पैसे जमवितो, आणि एके दिवशी मोठ्या गाडीचा विषय काढतो. लगेच घरात दोन पक्ष पडतात. वडिलांना किंमत दिसते, आईला महामार्ग दिसतो, आणि मुलाला अश्वशक्तीचा आकडा दिसतो. यंत्राकडे मात्र तिघांपैकी कोणाचेच लक्ष जात नाही.

हा वाद घरातच मिटवावा लागतो, कारण कायदा तो मिटवीत नाही. युरोपात नवख्या स्वारास प्रथम ३५ किलोवॅट, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्ती, एवढ्याच मर्यादेचे वाहन चालविण्याचा परवाना मिळतो. दोन वर्षांच्या अनुभवानंतर व पुढील परीक्षेनंतर ही मर्यादा उठते. आपल्याकडे गियरच्या मोटारसायकलीचा परवाना एकच आहे. ज्या परवान्यावर शंभर सी. सी.ची गाडी चालविता येते, त्याच परवान्यावर हजार सी. सी.चीही चालविता येते. पायऱ्या कायद्याने घातलेल्या नाहीत. त्या ज्याच्या त्याने घालून घ्यावयाच्या आहेत.

आता यंत्राचा आवाज ऐकावा. आजच्या बहुतेक मोटारसायकलींतील यंत्र चार फेऱ्यांच्या क्रमाने चालते : दट्ट्या खाली येताना इंधनमिश्रित हवा आत ओढली जाते, वर जाताना ती दाबली जाते, ठिणगी पडताच स्फोट होऊन दट्ट्या खाली लोटला जातो, आणि शेवटी जळका वायू बाहेर टाकला जातो. ह्या चार हालचालींत क्रँकचे दोन फेरे होतात. म्हणजे दोन फेऱ्यांत एका सिलिंडरात एकच स्फोट. यंत्र मिनिटाला हजार फेरे घेत उभे असेल, तर एका सिलिंडरच्या गाडीत सेकंदाला आठच स्फोट होतात. ते कानाला सुटे सुटे ऐकू येतात, तीच फटफट. दोन सिलिंडर असतील तर तेवढ्याच वेळात सोळा होतात, आणि चार असतील तर तेहतीस. तेहतीस स्फोट कानाला वेगळे करता येत नाहीत. त्यांची एक सलग गुणगुण होते.

आवाजातील हा फरक स्वभावातीलही फरक आहे. एका सिलिंडरच्या यंत्रात दोन धक्क्यांमधील अंतर मोठे असल्याने ते थरथरते. पण त्याची बनावट साधी, रुंदी कमी आणि दुरुस्ती सोपी. चार सिलिंडरचे यंत्र रेशमासारखे फिरते. परंतु त्याचे दट्टे लहान असतात व त्याचे खरे बळ फेरे दहा हजारांच्या आसपास गेल्यावर प्रकट होते. होंडा कंपनीने १९६९ साली ‘सीबी ७५०’ ही गाडी बाजारात आणून अशा यंत्राचा जगभर प्रसार केला. दोन सिलिंडरचे यंत्र ह्या दोहोंच्या मध्ये बसते. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीने ते इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात बसविले, तर एडवर्ड टर्नर ह्या इंग्रज अभियंत्याने १९३७ मध्ये ट्रायम्फच्या ‘स्पीड ट्विन’ गाडीत दोन्ही सिलिंडर शेजारी शेजारी उभे केले.

सिलिंडरांची संख्या कळली म्हणजे यंत्र कळले, असे मात्र कोणी समजू नये. रॉयल एन्फील्डच्या ‘क्लासिक ३५०’ ह्या गाडीत एकच सिलिंडर आहे. त्याचा व्यास ७२ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८५.८ मिलिमीटर. ट्रायम्फने २०२३ साली आणलेल्या व पुण्याजवळ चाकण येथे बजाजच्या कारखान्यात तयार झालेल्या ‘स्पीड ४००’ गाडीतही एकच सिलिंडर. पण व्यास ८९ आणि धाव ६४ मिलिमीटर. पहिला उंच व अरुंद, दुसरा ठेंगणा व रुंद. लांब धावेचा दट्ट्या सावकाश पण जोराने ढकलतो. म्हणून पहिली गाडी सुमारे सहा हजार फेऱ्यांवर वीस अश्वशक्तीवर थांबते, परंतु कमी वेगातही न कुरकुरता ओढते. आखूड धावेचा दट्ट्या चपळ असतो; म्हणून दुसरी आठ हजार फेऱ्यांवर चाळीस अश्वशक्ती देते. तेव्हा ‘सिलिंडर किती’ ह्याइतकाच ‘बळ कोणत्या फेऱ्यांवर मिळते’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही, ते रस्त्यावर मिळते. आणि पालघरच्या माणसाला तीन प्रकारचे रस्ते रोज उपलब्ध आहेत.

पहिला रस्ता पालघरहून उमरोळीवरून बोईसरचा. येथे रिक्षा, कामगारांच्या बसगाड्या, सायकली आणि भाजीवाले एकाच वाटेने जातात. पाळी सुटण्याच्या वेळी औद्योगिक वसाहतीच्या बाजूस गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरच्या पुढे जात नाही. अशा गर्दीत दहा हजार फेऱ्यांवर मिळणाऱ्या बळाचा उपयोग शून्य; उपयोग आहे तो कमी फेऱ्यांवरील ओढीचा, हलक्या क्लचचा आणि पाय जमिनीला पोचण्याचा.

ह्याच रस्त्यावर उष्णतेचाही प्रश्न येतो. तारापूरचे वीजकेंद्र समुद्रकाठी उभारले गेले त्याचे एक कारण असे की, निर्माण होणारी उष्णता वाहून नेण्यास मुबलक पाणी हवे होते. लहान यंत्रालाही हाच नियम लागू आहे : जितके बळ अधिक, तितकी उष्णता अधिक, आणि ती कोठे तरी गेलीच पाहिजे. वाऱ्यावर थंड होणारे यंत्र गर्दीत उभे राहिले की वारा थांबतो. पाण्याने थंड होणाऱ्या यंत्राचा पंखा सुरू होतो आणि गरम झोत स्वाराच्या पायांवर येतो. चार सिलिंडरच्या गाडीची ऊब मे महिन्यातील दुपारी बोईसरच्या नाक्यावर पाच मिनिटे सोसून पाहावी, आणि मगच तिच्या गुणगुणीचे कौतुक करावे.

दुसरा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा. बोईसरहून चिल्हार फाट्याला किंवा पालघरहून वाघोबा खिंडीतून मनोरला आले म्हणजे तो लागतो. येथे एका सिलिंडरच्या मंद यंत्राची कसोटी लागते. साडेतीनशे सी. सी.ची गाडी ताशी सत्तर-ऐंशीने तासन्‌तास चालेल. परंतु मालमोटारीला मागे टाकताना हाताशी जो राखीव जोर लागतो, तो तिच्याजवळ थोडाच उरतो. दोन सिलिंडरच्या गाडीचा मोठेपणा येथे कळतो. रॉयल एन्फील्डने २०१८ साली आणलेली ‘इंटरसेप्टर ६५०’ सुमारे ४७ अश्वशक्तीची आहे. युरोपातील नवख्याच्या मर्यादेला ती जवळजवळ नेमकी टेकते. तिचे दोन दट्टे बरोबरीने न हलता क्रँकवर २७० अंशांच्या अंतराने बसविलेले आहेत, त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत आणि आवाजाला एक लय येते. चार सिलिंडरच्या मोठ्या यंत्राचे काय? केंद्र सरकारने २०१८ साली चौपदरी महामार्गावर मोटारसायकलीची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर ठरविली. नऊशे-हजार सी. सी.चे चार सिलिंडरचे यंत्र ही मर्यादा पहिल्या गियरमध्येच ओलांडू शकते. त्याचे पुढील सारे गियर कशासाठी, हे विकत घेणाऱ्याने स्वतःला विचारावे.

तिसरा रस्ता मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हारचा. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. पावसाळ्यात ह्या वाटेवर धुके, वळणे, वाहून आलेली माती आणि खड्डे असतात. ओल्या वळणावर मूठ किंचित पिळली असता चाकाला मोजकेच बळ मिळावे, एकदम उसळू नये, हे येथे जिवाशी संबंधित आहे. कमी फेऱ्यांवर शांतपणे ओढणारे यंत्र, एका सिलिंडरचे असो वा दोनचे, नवख्याच्या चुका पोटात घालते. वरच्या फेऱ्यांवर अकस्मात जागे होणारे यंत्र त्या चुका मोठ्या करून दाखविते. एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी.वरील सर्व नव्या मोटारसायकलींना ब्रेक लावताना चाक जखडू न देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. परंतु ती ब्रेक सावरते, मनगट सावरीत नाही.

रस्त्यांनंतर खर्च. क्लासिकच्या यंत्रात दोन झडपा व एक प्लग; इंटरसेप्टरमध्ये आठ झडपा व दोन प्लग; चार सिलिंडरच्या आधुनिक यंत्रात सामान्यतः सोळा झडपा व चार प्लग. जितके भाग अधिक, तितके तपासणीचे तास अधिक. केळवे, सातपाटी, चिंचणी ह्या किनाऱ्यावरील खारा वारा साखळी आणि पेच गंजवितो तो निराळाच. करांचाही विचार हवा : २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी. सी.पर्यंतच्या गाडीवर वस्तू व सेवा कर १८ टक्के, तर त्यावरील गाडीवर ४० टक्के झाला. देखभालीच्या खर्चाने हौस मावळल्याचे उदाहरण आपल्या देशात घडलेले आहे. १९८३ साली ‘राजदूत ३५०’ ही दोन सिलिंडरची, दोन फेऱ्यांच्या यंत्राची गाडी आली. वेगाने तिने तरुणांना वेड लावले. परंतु तिची इंधनाची तहान व सुट्या भागांची किंमत संसारी माणसास पेलली नाही आणि दशकभरातच तिचे उत्पादन संपले.

मग निवड कशी करावी? ज्याचा प्रवास मुख्यतः पालघर-बोईसर आणि सुटीच्या दिवशी केळव्यापर्यंत आहे, त्याला लांब धावेचे एक सिलिंडर पुरेसे आहे. ज्याला तेवढ्याच सोप्या दुरुस्तीत महामार्गासाठी अधिक चपळाई हवी, त्याने आखूड धावेचे एक सिलिंडर पाहावे. अशा गाड्यांचे वजनही पावणेदोनशे किलोच्या आसपास, म्हणजे आटोक्यात असते. जो दर आठवड्यास मुंबई किंवा सुरत गाठतो, ज्याचा हात चार-पाच वर्षांत बसलेला आहे, आणि ज्याला दोनशे किलोंहून अधिक वजन ढकलून वळविता येते, त्याने दोन सिलिंडर जरूर घ्यावेत. चार सिलिंडरची हौस खोटी नव्हे. परंतु ती पहिल्या मोठ्या गाडीने नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या गाडीने पुरवावी.

गाडी नोंदविण्यापूर्वी मुलाने वडिलांस घेऊन एकदा ह्या तीन रस्त्यांवरून भाड्याच्या वा स्नेह्याच्या गाडीने जाऊन यावे; दोघांच्याही डोक्यावर शिरस्त्राण असावे. परत आल्यावर आकड्यांची चर्चा करावयास हरकत नाही. तोपर्यंत कोणत्या गाडीवर मागे बसलेले वडील निर्धास्त होते, हे दोघांनाही कळलेले असेल.