दर वीस वर्षांनी नवं देऊळ
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



विणेकरी महाराज, चोपदार आणि समोर बसलेल्या सर्व माउली, जपानचं देऊळ बघून आलास ते सांग, पण थोडक्यात सांग, अशी मला आज्ञा आहे. काल्याचा प्रसाद थांबलाय, तेव्हा लांबण लावत नाही.

मुलगा नागोयाला नोकरीला आहे. तिथून रेल्वेनं दीडेक तासावर इसे नावाचं गाव. शिंतो धर्माचं हे सगळ्यांत मानाचं ठिकाण. लहानमोठी सव्वाशे देवळं, त्यांत मुख्य दोन: आतलं अमातेरासु या सूर्यदेवीचं आणि बाहेरचं तोयोउके या अन्नदेवीचं. आधी बाहेरचीला नमस्कार, मग आतलीला. अन्नदेवीच्या देवळात रोज दोन वेळा नैवेद्य होतो. त्यासाठी लाकडावर लाकूड घासून विस्तव पाडतात. मीठसुद्धा देवस्थानचं स्वतःचं. नैवेद्यात मासे असतात, तांदळाची दारू असते. माळकऱ्यांनी दचकू नये; त्यांचा देव, त्यांची रीत.

कमानीखाली वाकून आत शिरायचं. रस्त्याच्या मधून चालायचं नाही, ती वाट देवाची. लाकडी पळीनं आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची. इसुझु नदीच्या काठावरही हात धुता येतात. आम्ही चंद्रभागेची माणसं, सरळ नदीवरच गेलो. दर्शन म्हणजे दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं. देव दिसतच नाही. समोर पांढरा पडदा. आत पवित्र आरसा आहे, तो कुणालाही दाखवत नाहीत. आपण पायावर डोकं ठेवणारी माणसं, मला चुकल्यासारखंच झालं.

पण खरी गोष्ट पुढं आहे. हे देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्यानं बांधतात, अगदी तसंच्या तसं. पहिल्यांदा 690 साली बांधलं, बासष्टाव्यांदा 2013 साली. हाताखाली शिकलेला सुतार पुढच्या खेपेला स्वतः काम अंगावर घेतो, म्हणून विद्या तुटत नाही. गावकरी ओंडके ओढतात, पांढरे गोटे वाहून आणतात. जुने खांब टाकत नाहीत, पुलाच्या कमानींना वापरतात.

हे सुखासुखी चाललं असं नाही. लढायांच्या काळात शंभरावर वर्षं बांधकामच झालं नाही. तेव्हा सेइजुन नावाची बौद्ध भिक्षुणी दारोदार वर्गणी मागत फिरली आणि 1563 साली बाहेरचं देऊळ पुन्हा उभं राहिलं. आता ऐका: त्या काळी मुंडन केलेल्या भिक्षू-भिक्षुणींना मुख्य देवळाजवळ जायची मुभा नव्हती. त्यांनी लांबूनच हात जोडायचे. चोखोबांची पायरी डोळ्यांपुढं आली बघा.

आणि वारी? तीही होती. गावोगाव मंडळं असत. सगळे थोडे थोडे पैसे साठवत आणि चिठ्ठ्या टाकून ज्याचं नाव निघेल त्याला पाठवत. तो सगळ्यांच्या वतीनं दर्शन घेई आणि घरटी अंगारा आणावा तशी देवाची चिठ्ठी आणी. मालकाला न सांगता पळालेला गडीसुद्धा इसेहून आला की त्याला शिक्षा करत नसत. 1830 साली तर काही महिन्यांत लाखो माणसं लोटली. वाटेवरच्या लोकांनीच त्यांना जेवू घातलं. ज्यांना जाता येत नव्हतं त्यांनी कुत्र्याच्या गळ्यात पैसे बांधून पाठवलं, वाटसरूंनी ते कुत्रं पोचवलं, अशाही कथा आहेत. आपल्या दिंडीतलं कुत्रं बिनपैशाचं येतं, तेवढाच फरक.

एवढं लाकूड येतं कुठून, असं मी मुलाला विचारलं. हिनोकी नावाचं झाड, खांबाजोगं व्हायला दोनशे वर्षं लागतात. जवळचं जंगल संपलं, लांबच्या किसो डोंगरातून आणू लागले. म्हणून 1923 च्या सुमाराला, म्हणजे आपली दिंडी निघाली त्याच काळात, देवस्थानानं स्वतःच्या डोंगरावर दोनशे वर्षांचा हिशेब धरून झाडं वाढवायला घेतली. त्यातलं थोडं लाकूड 2013 ला वापरलंही. मोठ्या खांबांची झाडं अजून उभीच आहेत, वाढताहेत. पुढचं देऊळ 2033 ला.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!